कागद उभा राहिला

गेली अठरा-वीस वर्षे आमच्या घरचा आकाशकंदील मी करीत आलो आहे. बुरूड आळीतून कामट्या आणायच्या, दोऱ्याने चांदणी बांधायची, मैद्याची खळ शिजवायची, पतंगी कागद चिकटवायचा आणि खाली झिरमिळ्या सोडायच्या, असा हा आमचा कुळाचार. माझे वडीलही असाच कंदील करीत. फरक एवढाच, की त्यांचा कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत असे आणि माझा नरकचतुर्दशीच्या पहाटेच एका बाजूने ‘आ’ वासतो. गेल्या वर्षी मी खळीचे पातेले गॅसवर चढवतो न चढवतो तोच आमची कन्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “बाबा, यंदा खळ नको.”

“डिंक आणलायस का?”

“डिंकही नको. कामट्याही नकोत. दोरा फक्त टांगायला.”

“मग कंदील उभा कशावर राहणार? मंत्रावर?”

“कागदावर,” ती म्हणाली आणि गॅस बंद करून निघून गेली.

या एका शब्दामागे दोन महिन्यांचे महाभारत आहे. ते सांगितल्याशिवाय कंदिलाची गोष्ट पुढे सरकणार नाही.

कन्येला बारावीला गुण बरे मिळाले होते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळत होता. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा तिने दिल्या होत्या, पण त्या तर सगळीच मुले देतात, म्हणून मी तिकडे फारसे लक्ष दिले नव्हते. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ही म्हणाली, मला कला महाविद्यालयात जायचे आहे. नातेवाइकांना वाटले, मराठीचा प्राध्यापक, साहित्यातला माणूस, हा लगेच होकार देईल. नेमके उलटे झाले. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला हौसेच्या विषयाची किंमत जेवढी ठाऊक असते तेवढी कुणालाच नसते. आठ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले आहे. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर हरी हरी. दिवाळीच्या सुट्टीची मुले वाट पाहत आणि मी धास्ती घेई. माझ्या वडिलांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला होता आणि मी तो भरला नव्हता, हे त्या आठ दिवाळ्यांत मला दर वेळी आठवे. ते काही बोलत नसत. न बोलण्यात ते फार वाकबगार होते.

तेव्हा मी मुलीला अट घातली. एक वर्ष. वर्षभरात जम बसला नाही तर पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यायची आणि सरळ मार्गाला लागायचे. तिने मान डोलावली. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि ती भाजी चिरायला गेली.

पहिल्याच महिन्यात पहिले काम मिळाले. विषयाचे नाव त्रिमिती रचना, मुलांच्या भाषेत ‘थ्री-डी’. एक फुल इंपीरियल, म्हणजे बावीस बाय तीस इंचांचा पांढरा कार्ट्रिज कागद घ्यायचा आणि त्यातून काहीही उभे करायचे. आमच्या कन्येने किल्ला केला. महाराष्ट्रातले मूल आणखी काय करणार! बालेकिल्ला, माची, महादरवाजा, चौदा बुरूज. तीन रात्री आमचे दिवाणखान्याचे टेबल गडाच्या ताब्यात होते. आता कबूल करून टाकतो, की त्या चौदांपैकी सहा बुरूज मी चिकटवले होते आणि तटबंदीच्या चर्या कापण्यात माझा उजवा अंगठा कामी आला होता. फेव्हिकॉलची अख्खी बाटली संपली. पण किल्ला असा झाला, की शेजारच्यांनी फोटो काढून नेले.

संध्याकाळी कन्या परत आली ती किल्ल्यावाचून. दहापैकी तीन गुण. शेरा पेन्सिलीने लिहिलेला: ‘हा मातीत करावा.’

मुलगी जेवली नाही. मी जेवलो, पण रागाने. मुलीचा अपमान झाला म्हणून मी रागावलो आहे असे सौ.ला वाटले. खरे म्हणजे सहा बुरुजांचा अपमान झाला होता.

शनिवारी माझे तास नव्हते. मी थेट त्या कॉलेजात गेलो. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या, बोटांना जागोजागी पट्ट्या लावलेल्या. मी माझे प्राध्यापकपण जरा पुढे करून ओळख दिली. त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात सर. माझा वर्ग आत्ता सुरू होतोय. बसा ना मागे. तास संपला की भांडू.”

मी बसलो. कन्येने मला पाहिले आणि मान जी खाली घातली ती तासभर वर केली नाही.

बाईंनी रद्दीचा गठ्ठा आणला होता. प्रत्येकाला वर्तमानपत्राचा एकेक ताव दिला. मलाही दिला. म्हणाल्या, “आधी हा वरून खाली फाडा.” फाडला. सरळ रेषेत टरकन फाटला. “आता आडवा फाडा.” आडवा फाडताना फाट वेडीवाकडी धावत सुटली. वाचकहो, हा अंक बाजूला ठेवा आणि घरातल्या जुन्या वर्तमानपत्रावर हे करून पाहाच. (अंकावर करू नका.) कागद म्हणजे लगद्यातल्या तंतूंची चटई असते. यंत्रावर कागद होताना लगदा ज्या दिशेने पळतो त्या दिशेला बहुतेक तंतू लोळण घेतात. म्हणून कागदाला कल असतो. छापखानेवाले त्याला ‘ग्रेन’ म्हणतात. कलाच्या दिशेने घडी घातली तर ती मऊ आणि नेटकी बसते, कलाविरुद्ध घातली तर जाड कागद मोडीवर तडकतो. तीस वर्षे मी कागदावर लिहितो आहे, वीस वर्षे विद्यार्थ्यांचे कागद तपासतो आहे, आणि कागदाला स्वतःचा असा काही कल असतो हे मला त्या शनिवारी कळले.

मग बाईंनी दुसरा ताव दिला. “एक तास. कात्री नाही, डिंक नाही. हा कागद आत्ता जेवढा आहे त्यापेक्षा अधिक काहीतरी झाला पाहिजे.”

मुलांनी विमाने केली, मगरी केल्या, मुकुट केले, एकाने चक्क देऊळ केले. मी बराच वेळ तावाकडे पाहत राहिलो आणि शेवटी मला जे येत होते ते केले, पुडी. लहानपणी वाण्याच्या दुकानात उभे राहून पाहिलेली. कोपरा धरायचा, शंकू गुंडाळायचा, खालचे टोक वळवायचे, वरची जीभ आत खोवायची. बाई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या. त्यांनी पुडी उचलली, उघडली, त्यात खडूचे चार तुकडे टाकले, पुन्हा बंद केली आणि उलटी धरली. काही पडले नाही.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

“वाण्यानं.”

“मोठा कारागीर होता,” त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मुले हसली. कन्येने मान वर केली, बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच.

तास संपताना बाईंनी एक जुनी गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतली, विसाच्या दशकाच्या अखेरची. योसेफ आल्बर्स नावाचे शिक्षक एके दिवशी काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा मारून वर्गात आले आणि त्यांनी हेच काम दिले, बहुतेक याच अटींवर. काही तासांनी परत आले तर वर्गात किल्ले, विमाने, प्राणी, मुखवटे यांची जत्रा भरलेली. आल्बर्स म्हणाले, ही सगळी बालवाडीतली कामे आहेत आणि यांतली बरीचशी दुसऱ्या कशात तरी अधिक चांगली झाली असती. मग त्यांनी एका कोपऱ्यातल्या अगदी साध्या वस्तूकडे बोट दाखवले. एका हंगेरियन तरुणाने काहीच केले नव्हते. ताव उभा दुमडून पडद्यासारखा टेबलावर उभा केला होता, झाले. आल्बर्सनी त्याचीच वाखाणणी केली. कागद मऊ असतो, स्वतःच्या कडेवर तो उभा राहू शकत नाही. एक घडी घातली की राहतो. शिवाय टेबलावर आडवा पडलेल्या कागदाची एकच बाजू डोळ्याला दिसते. उभा राहिला की दोन्ही बाजू कामाला लागतात. हानेस बेकमान या त्यांच्या विद्यार्थ्याने ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे.

“आमच्या वर्गात आज हंगेरियन निघाला नाही,” बाई म्हणाल्या. “वीस वर्षांत दोनदाच निघालाय.”

भांडण राहूनच गेले. निघताना मी किल्ल्याचे तेवढे विचारले. त्या म्हणाल्या, “सर, किल्ला सुबक होता. पण त्यात कागदाचं काम काय होतं? तुमच्या फेव्हिकॉलनं तो उभा होता.” ‘तुमच्या’ या शब्दावर त्यांनी जोर दिला की मला तसा भास झाला, ते अजून ठरवता आलेले नाही.

त्या रात्रीपासून मी या आल्बर्सच्या मागे लागलो. माणूस मला फार जवळचा वाटला, कारण तो मुळात गावोगावच्या प्राथमिक शाळांतला मास्तर. जन्म १८८८चा, बोट्रोप या कोळशाच्या खाणींच्या गावातला, बाप रंगारी. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे लोक मुलांच्या शाळाप्रवेशाची चिंता करतात त्या वयात, याने १९२० साली स्वतःच विद्यार्थी म्हणून बाउहाउसमध्ये नाव घातले. ती शाळा वॉल्टर ग्रोपिअस यांनी १९१९ साली वायमार गावी काढलेली. तिची ख्याती आपल्याकडेही लवकर पोचली होती. १९२२च्या डिसेंबरात कलकत्त्यात तिथल्या चित्रकारांची कामे गगनेंद्रनाथ टागोर वगैरेंच्या चित्रांबरोबर मांडली गेली होती. १९२३ साली ग्रोपिअसनी आल्बर्सला नव्या मुलांचा प्राथमिक वर्ग घ्यायला सांगितले. हे १९२३ साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. जर्मनीत त्या वर्षी पैशाचे मोल असे कोसळले, की नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. बाउहाउसच्याच हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याने त्या वर्षी थुरिंगिया प्रांतासाठी दहा लाख मार्कांच्या नोटा आखून दिल्या. म्हणजे देशभर कागदाला कसलीच किंमत उरली नव्हती, आणि इकडे हा मास्तर मुलांना सांगत होता, की आपण गरीब आहोत, सामान वाया घालवणे आपल्याला परवडणार नाही, तर कागद घ्या आणि त्याच्यात काय आहे ते शोधा.

त्याच्या वर्गात कापलेला तुकडा टाकून देणे म्हणजे गुन्हा. किती श्रम घातले आणि किती परिणाम साधला याचा हिशेब तो मांडायला लावी. आमच्या किल्ल्याचा असा हिशेब मी मनातल्या मनात मांडून पाहिला आणि वही मिटली.

कागद दुमडायचा नाद फ्रोबेलच्या बालोद्यानातही होता. त्याच साधनांवरून मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली घड्या घालून भूमिती शिकवणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले. फेलिक्स क्लाईन या मोठ्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि मग ते अमेरिकेतही छापले गेले. म्हणजे या वाटेवर आपलाही माणूस आल्बर्सच्या तीस वर्षे आधी चालून गेला होता. हे मी बाईंना फोन करून सांगितले. त्यांना ते आधीच माहीत होते.

पुढे १९३३ साली नाझींच्या जाचाने बाउहाउस बंद पडले. आल्बर्स आणि त्यांची विणकर पत्नी ॲनी अमेरिकेत गेली, नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन या नव्या आडवाटेच्या कॉलेजात. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. भाषेवाचून शिकवायचे म्हणजे भाषेच्या प्राध्यापकाला घाम फुटावा! कागदाला मात्र भाषेची अडचण नव्हती.

इकडे घरात कागदाचे राज्य सुरू झाले. कन्या रोज नवे काही शिकून येई आणि शिक्षकाचा मुलगा जसा घरच्यांवर प्रयोग करतो तशी माझ्यावर प्रयोग करी. दोन शब्दकोशांवर पूल म्हणून एक साधा कागद ठेवी आणि त्यावर स्टीलचा पेला ठेवायला सांगे. पेला कागदासकट खाली. मग त्याच कागदाच्या पंख्यासारख्या बारीक निऱ्या घाली आणि पुन्हा पेला. पेला उभा! पन्हळी पत्रा सपाट पत्र्याहून ताठ का असतो, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळले. जाड कागदाला घडी घालण्याआधी पात्याच्या पाठीने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने हलकी रेघ ओढायची. मोड ज्या बाजूला उंच यायची त्या बाजूने. उंच मोडीला ही मुले ‘डोंगर’ म्हणत, खोल मोडीला ‘दरी’. आणि कागद पांढराच का, रंगीत का नाही? तर पांढऱ्यावर प्रकाश लपत नाही. त्याच पांढऱ्या कागदाच्या डोंगराची एक बाजू लख्ख आणि दुसरी राखाडी दिसते. रंग न लावता त्यात सतरा छटा निघतात. सकाळी टेबलावर ठेवलेला तुकडा आणि संध्याकाळी दिव्याखालचा तोच तुकडा, दोन वेगळ्या वस्तू वाटत.

कागदाची आडमुठी बाजूही कळली. तो एका वेळी एकाच दिशेला वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चुरगळल्यावाचून चेंडू होत नाही. गाउस या गणितज्ञाने १८२७ साली याचे मूळ कारण सिद्ध करून ठेवले आहे. बाईंचे काम पुढचे होते, या हट्टी कागदाला फसवल्याशिवाय, त्याच्या मर्जीने वळण कसे द्यायचे ते. त्यांनी एक वर्तुळ दिले. त्यात मध्ये भोक, आणि भोकाभोवती एकात एक वर्तुळांच्या रेघा. एक रेघ डोंगर, पुढची दरी, पुन्हा डोंगर. कन्या रात्री अकरापर्यंत बोटांनी एकेक रेघ दुमडत बसली होती. शेवटची मोड पडताच त्या सपाट चकतीने आपणहून अंग वळवले आणि तिचे खोगीर झाले. दोन कडा वर, दोन खाली. कुणी वाकवले नव्हते! मी पुस्तक टाकून उठलो. सौ. दळणाचा डबा तसाच ठेवून आली. आम्ही तिघे त्या चकतीकडे, बाळंतपणाच्या खोलीत पाहावे तसे पाहत उभे राहिलो.

१९२७-२८च्या सुमारास बाउहाउसमध्ये एका विद्यार्थ्याने हेच केल्याचे छायाचित्र आहे. गंमत म्हणजे याचा जो चौकोनी भाऊ आहे, एकात एक चौकोनांचा, तो मुले कित्येक वर्षे सर्रास करीत आली. आणि २००९ साली एरिक डिमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवून दिले, की फक्त तेवढ्याच मोडींवर, जराही न ताणता, असा आकार होणे शक्यच नाही! खरा कागद मधे कुठेतरी डोळ्याला न दिसणाऱ्या चुण्या पाडून किंवा तसूभर ताण सोसून निभावून नेतो. घरात चार माणसे एकत्र राहतात ती याच रीतीने, असे सौ.चे मत पडले.

“ते सगळं खरं,” मी म्हणालो, “पण याचा उपयोग काय?” हा प्रश्न मला जन्मभर लोकांनी मराठीबद्दल विचारला आहे, तेव्हा तो विचारण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो. कन्येने कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाचे नाव सांगितले. त्यांनी शोधलेल्या घडीने १९९५ साली एका जपानी यानाची सौरपत्रे अवकाशात उलगडली. दोन कोपरे धरून ओढले की अख्खा कागद एकदम उघडतो, दाबले की मिटतो. तिने तो करून माझ्या हातात दिला. मी ओढला, मिटला, ओढला. पुढचा अर्धा तास मी उपयोगाबद्दल काही विचारले नाही.

मराठीचा माणूस असल्याने माझे मन मात्र शब्दाकडे धावत होते. घडी! संसाराची घडी बसते, राज्याची घडी विस्कटते. दिवाळीला नव्या साडीची घडी मोडायची असते. घटका-दोन घटकांची वेळ तीही घडी. आपल्या पूर्वजांनी घडी या गोष्टीला एवढा मान दिला आणि कागदाला मात्र ‘कागदी घोडे’ आणि ‘कागदी फुले’ म्हणून हिणवले. हे मी बाईंना ऐकवले तेव्हा त्या म्हणाल्या, “द्रोण विसरलात. आणि विडा. लवंग टोचली की उभा.” त्या बाईंना मी एकदाही नवे असे काही सांगू शकलेलो नाही.

पण त्यांचा शेरा माझ्या वर्गातही माझ्या मागे मागे येऊ लागला. ‘हा मातीत करावा.’ बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचे निबंध तपासायला घेतले, की पानापानावर मला बुरूज दिसू लागले. मार्गदर्शकातून कापलेले, माझ्याच नोट्समधून काढलेले, उत्तम चिकटवलेले. ‘जणू काही’ची तटबंदी, ‘खरोखर’चे दरवाजे. आणि या सगळ्यांना मी वीस वर्षे दहापैकी सात देत आलो होतो. जानेवारीत एक दिवस मी मुलांना म्हणालो, तुमच्या समोर जी वस्तू असेल तिच्यावर दहा ओळी लिहा. विशेषण चालणार नाही, कवितेची ओळ चालणार नाही, ‘जणू’ तर नाहीच नाही. बेचाळीस कागद आले. निम्म्यांत ‘जणू’ होते. बरेच जण सहाव्या ओळीला थांबले होते. दोघींनी पंख्यावर लिहून शेवटी पंख्याला आयुष्याचा गुरू केले होते. एका मुलाने, जो वर्षभर मागच्या बाकावर बसून तोंडातून अक्षर काढत नव्हता, आपल्या बाकावर लिहिले होते. बाकाचा एक पाय आखूड आहे. गेल्या वर्षी कुणीतरी परीक्षेच्या प्रवेशपत्राची आठपदरी घडी करून पायाखाली घातली. नाव दिसत नाही, आसन क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे दिसतात. बाक डुलत नाही. एवढेच. सात ओळी होत्या, तीन कमी. किती गुण द्यावेत ते मला कळेना. शेवटी गुण न देता मी त्याला बोलावून घेतले. काय बोलावे तेही कळेना. मी त्याला चहा पाजला.

जूनमध्ये कन्येचा निकाल लागला. पहिली-दुसरी काही आली नाही. त्रिमितीत शंभरपैकी बासष्ट. बाईंचा हात पुढेही सैल सुटला नव्हता. रात्री जेवताना सौ.ने विचारले, “त्या अटीचं काय झालं?” कन्या ताटातल्या पोळीची घडी घालीत होती. मी म्हणालो, “बघू.” माझ्या वडिलांनी मी मराठी घेतले तेव्हा याच शब्दात परवानगी दिली होती. तो शब्द आमच्या घरात कुठपर्यंत जातो हे सौ.ला ठाऊक आहे. तिने मला आणखी वरण वाढले. पुढच्या पैशाअडक्याची काळजी मिटली असे नाही. ती रात्री मध्येच जागी होते, मी कूस बदलतो, तीही बदलते.

पण मी कंदिलाचे सांगत होतो.

तर गेल्या दिवाळीत खळीचे पातेले उतरले आणि कन्येने जाड कागदाची लांब पट्टी घेतली. तिरक्या रेघा आखल्या, बॉलपेनने ओढल्या, आणि डोंगर-दरी करीत ती दुमडत चालली. समोर सौ. करंज्या करीत होती. दोघींचे हात एका लयीत चालले होते. मध्येच कन्या थांबली आणि आईच्या हाताकडे पाहू लागली. सपाट पुरी, अर्ध्यावर दुमडलेली, पोटात सारण, आणि कडेला मुरड. “आई, ही तर वक्र रेषेतली घडी!” ती ओरडली. “पण तू कडेला दूध लावतेस. म्हणजे डिंकच झाला.”

“ते तुझ्या मावशीचं. कातणं फिरवायचं तर दूध लागतं,” सौ. म्हणाली. “मुरड घातली की नाही लागत.” आणि तिने एक करंजी कोरडीच मुरडून तळून दाखवली. ती फुटली नाही. बाईंच्या वर्गात यावर दुसऱ्या दिवशी चर्चा झाली असे ऐकतो.

कंदील झाला. पट्टीची दोन टोके खाचेत जीभ अडकवून जोडली होती. पांढराशुभ्र, एकही रंग नाही. आत छोटा दिवा लावला तेव्हा प्रत्येक तिरकी पाकळी निराळ्या उजेडाची दिसू लागली. समोरच्या इमारतीतले आजोबा गॅलरीत खुर्ची घेऊन बसले. मी मनातून जरा खट्टू होतो. माझी चांदणी माळ्यावरून खाली आलीच नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या पहाटे दार उघडले तर कंदील खाली झुकलेला. रात्री दव पडले होते. कागद ओलावा पितो आणि तंतू सैल पडले की मोडीतला ताठपणा जातो. खालच्या तीन ओळी पार उलगडून गेल्या होत्या. मी, खरे सांगतो, आधी चिकटपट्टी शोधली. ती घेऊन बाहेर आलो तो कन्या जिन्यात बसलेली. तिने कंदील उतरवला होता, जिभा खाचेतून सोडवल्या होत्या आणि पट्टी मांडीवर पूर्ण सपाट करून ती एकेक मोड नखाने पुन्हा बसवत होती. डोळे झोपेने सुजलेले, केसांना उटण्याचा वास. माझ्या हातातली चिकटपट्टी तिने पाहिली.

“ती ठेवा आत,” ती म्हणाली. “आणि लोखंडी पट्टी आणा. हे टोक धरून बसा.”

मी टोक धरून बसलो. खाली कुणीतरी पहिला फटाका लावला. “हलवू नका हं बाबा,” ती म्हणाली, आणि चौथी मोड घातली.